नावाची दाखल नोंदवही: ग्रंथालयातल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

८ जुलै २०२५, मंगळवार

दुपारी गेल्या वर्षी पास होऊन गेलेला एक विद्यार्थी ग्रंथालयात आला. पुण्याला मुलाखत देऊन तो आदल्या रात्रीच्या गाडीने परतला होता. बायोडेटाच्या तळाशी त्याने आपल्या कामाच्या पाच लिंका दिल्या होत्या. समोरच्या अधिकाऱ्याने त्याच्यादेखत एकेक उघडून पाहिली आणि चार उघडल्याच नाहीत. तीन वर्षांचे प्रकल्प, फोटो, दोन सर्वेक्षणांचे अहवाल, सगळं त्याने कॉलेजने दिलेल्या ईमेल खात्याच्या ड्राइव्हवर ठेवलं होतं. मुलं बाहेर पडली की काही महिन्यांनी ही खाती बंद होतात.

"सूचना आली नव्हती का रे?"

"आली असंल मॅडम. पण त्याच खात्यावर."

उघडलेली पाचवी लिंक फेअरवेलच्या दिवशीच्या रीलची होती. त्या अधिकाऱ्याने या मुलाला तेवढ्यावरून ओळखलं. हा मुलगा शिरोळ तालुक्यातल्या सात गावांत सायकलवरून फिरून विहिरींच्या पाण्याच्या नोंदी घेऊन आला होता. त्या वह्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

तो गेल्यावर माझं कामात लक्ष लागेना. यंदाच्या मुलांचं असं होऊ द्यायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं.

११ जुलै, शुक्रवार

प्राचार्यांची परवानगी मिळाली. पाच विद्यार्थी, आठवड्यातून एक दुपार, जागा वाचनकक्षाचा मागचा कोपरा. प्लेसमेंट कक्षाच्या व्याख्यानात मुलांनी 'पर्सनल ब्रँड' हा शब्द ऐकला आहे आणि त्यातल्या दोघांना वाटतं की त्यासाठी इंग्रजी फाडफाड यायला हवं आणि फोटोत कोट हवा. मी म्हटलं, आपल्याकडे नाव काढणं, नाव कमावणं, नावाला जागणं हे सगळं आधीपासून आहे. आपण त्याला 'नाव'च म्हणू.

या नोंदींत पोरांची नावं लिहिणार नाही, तसं त्यांनाच कबूल केलं आहे. कामावरून ओळख ठेवते. निवेदक: कुस्तीच्या मैदानात माइकवर बोलतो. वेणी: घरात कोल्हापुरी चपला होतात, ती त्यांचे फोटो-व्हिडिओ टाकते. साचा: बी.व्होक. या व्यावसायिक पदवीचा, फाउंड्रीत म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून जातो. ओवी: एम.ए. मराठी, आजीच्या जात्यावरच्या ओव्या जमवते. पाचवा वाणिज्य शाखेचा, स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, मला ब्रँड नको. मला कुणी शोधूच नये असं करता येईल का?" त्याला मुद्दाम घेतलं.

१५ जुलै, मंगळवार

पहिलं काम: संगणक कक्षात बसून, स्वतःच्या खात्यात न शिरता, स्वतःचं नाव शोधणं. देवनागरीत एकदा, रोमनमध्ये एकदा.

इथेच पहिली अडचण कळली. ओवीच्या नावात 'ज्ञ' आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर तो डी-एन-वाय असा लिहिलाय, आधारवर जी-वाय, इन्स्टाग्रामवर जे-एन. म्हणजे एकाच मुलीच्या तीन मुली झाल्या. एका स्पेलिंगवर तिची काव्यवाचनाची बातमी सापडते, दुसऱ्यावर तिची खेळाडू नामसखी, तिसऱ्यावर काहीच नाही. साचाचं आडनाव एका ठिकाणी डब्ल्यूने, एका ठिकाणी व्हीने. आमच्या पुस्तकांच्या तालिकेत एकाच लेखकाची दोन नावं आली, तर आम्ही एक मुख्य धरतो आणि दुसऱ्यापाशी 'पाहा' अशी नोंद करतो. पोरांना म्हटलं, तुमचंही तसंच करायचं. एक स्पेलिंग पक्कं करा, तेही कागदपत्रांतलं. विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होतात त्या क्रेडिट बँकेचा एबीसी आयडी काढताना आधारवरचं आणि विद्यापीठातलं नाव जुळलं नाही, की काय धावाधाव होते ते यांच्यातल्या दोघांनी भोगलंय.

निवेदकाचं नाव कुठेच सापडलं नाही. पानंच्या पानं खाली गेलो, नाही म्हणजे नाही. ज्याचा आवाज तालुक्यातला लहान पोरगाही ओळखतो, त्याचं.

सगळ्यात जास्त सापडलं ते पाचव्याचं, ज्याला काहीच नको होतं. शिष्यवृत्तीच्या एका यादीची पीडीएफ निघाली: त्याचं नाव, वडिलांचा मोबाइल, जात, उत्पन्न, बँकेचं नाव, गावासकट. यादी कोणत्या कार्यालयाची ते इथे लिहीत नाही. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला, मग उठून पाणी पिऊन आला. यादी काढून टाकण्यासाठी त्या कार्यालयाला अर्ज लिहायचा आणि शोधयंत्राकडेही विनंती करायची, असं ठरलं.

वेणीने एक नवी गोष्ट सांगितली. १० जुलैपासून इन्स्टाग्रामवरच्या सार्वजनिक व्यावसायिक खात्यांचे फोटो-व्हिडिओ गूगलच्या शोधातही येऊ शकतात. तिचं खातं तसलंच. आनंद होता, पण लगेच तिने जुन्या पोस्ट चाळायला घेतल्या, कारण दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींसाठी टाकलेलं काहीबाही अजून तिथेच होतं. जिथे चार जण बघत होते, तिथे उद्या गिऱ्हाईक येणार.

२२ जुलै, मंगळवार

आजची दुपार निवेदकाची.

त्याने मोबाइलवर एक ध्वनिफीत लावली. हलगीचा कडकडाट, मग हा. पैलवान आत आला की आधी त्याचं पूर्ण नाव, मग वडिलांचं, मग गाव, तालीम, वस्तादांचं नाव, मागच्या वर्षी कुणाला कोणत्या डावावर चितपट केलं तेही. हातात कागद नाही. एका मैदानात पन्नासेक जोडी लागतात, हा शंभर पैलवानांची कुंडली तोंडपाठ सांगतो. ढाकेचा डाव लागला की आवाज चढतो, घिस्सा डाव बसला की एक श्वास थांबतो. मी कुस्तीतलं फारसं जाणत नाही, पण ऐकताना पुढे सरकून बसले होते.

ऐकता ऐकता लक्षात आलं की याने सगळ्यांची नावं घेतली, स्वतःचं एकदाही घेतलं नाही. विचारलं तर म्हणाला, "निवेदकानं स्वतःचं नाव घ्यायचं नसतंय मॅडम, मान पैलवानाचा." खरं आहे, त्या क्षेत्राची रीत आहे, आणि मला ती आवडली. पण व्हिडिओच्या खालच्या मजकुरातही त्याचं नाव नाही. मैदानाचं थेट प्रक्षेपण दुसऱ्यांच्या फेसबुक पानांवरून होतं आणि ते पान चालवणारे आपल्या पानाचं नाव घालतात.

हिवाळ्यातल्या चार मोठ्या मैदानांचं लाइव्ह आता कुठेच नाही. १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकवर नवं लाइव्ह ३० दिवसच टिकतं. जुन्यांसाठी उतरवून घ्यायला ९० दिवसांची मुदत दिली होती. पानवाल्यांनी उतरवून घेतलं नाही, याला नियम ठाऊकच नव्हता. अडीच-अडीच तासांच्या निवेदनातून त्याच्याकडे उरली ती स्टेटसला ठेवलेली चाळीस सेकंदं.

"ते पेज आपलं न्हाई की मॅडम. मागायचं कुठल्या तोंडानं?"

यावर आम्ही तासभर बोललो. ठरलं असं: यापुढे मैदान ठरवतानाच, मानधनाची गोष्ट निघेल तेव्हाच, दोन गोष्टी मागायच्या. व्हिडिओखाली निवेदकाचं नाव आणि गाव, आणि मूळ फाइलची एक प्रत आठ दिवसांत. शिवाय खिशातल्या मोबाइलवर आवाज स्वतंत्र मुद्रित करायचा. कुस्ती संपल्यावर आभार मानताना नाव घ्यायला रीतीची आडकाठी नाही, हे त्याच्या वस्तादांनाच विचारून घ्यायला सांगितलं. ते हो म्हणाले तर त्याच्या मनावरचं ओझं उतरेल.

४ ऑगस्ट, सोमवार

नांदणीच्या जैन मठातली हत्तीण गुजरातच्या वनतारात नेली, ती परत मिळावी म्हणून काल पदयात्रा निघाली होती, तालुका रस्त्यावर होता. साचाही गेला. त्याने काढलेली एक रील रात्रीतून लाखांवर गेली. आज तो गोंधळलेला आहे. त्याचं खातं ओतकामाच्या माहितीचं. आता हजारो नवी माणसं आली आहेत आणि सगळ्यांना हत्तिणीची पुढची बातमी हवी आहे. काही जण त्याला हवं ते बोलत नाही म्हणून शिव्याही देत आहेत.

त्याला म्हटलं, मनापासून गेलास, मनापासून काढलंस, पुसू नकोस. पण त्या गर्दीसाठी उद्या दुसरी रील करायला बसू नकोस. तो ऐकेल असं वाटतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

डॉ. रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन. हार घातला, चहा झाला. मग पोरांना मी दाखल नोंदवही दाखवली, ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक घालून जिच्यात नोंदतात ती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या ग्रंथालयात पुराचं पाणी शिरलं. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं फुगून एकमेकांना चिकटली होती, कपाटांची दारं उघडेनात. पाणी ओसरल्यावर चिखलातून पुस्तकं काढताना मुखपृष्ठं हातात येत होती. पण दाखल नोंदवही वरच्या मजल्यावर होती. तिच्यावरून कोणतं पुस्तक गेलं, कधी आलं होतं, केवढ्याला, कुणी दिलं होतं, ओळ न ओळ सांगता आलं. त्या यादीवरून मदत मागितली आणि कितीतरी पुस्तकं परत उभी राहिली. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा आम्ही तयार होतो.

"तुमच्या नोंदवहीत काय आहे?" असं विचारलं. कुणाकडेच नव्हती. इन्स्टाग्राम हे आमच्या दारातल्या 'नवीन पुस्तकं' या कपाटासारखं आहे. येणारा आधी तिथेच बघतो, म्हणून ते छान लावायचं. पण ग्रंथालय म्हणजे ते कपाट नव्हे. कपाट हलवलं, रंगवलं, मोडलं, तरी नोंदवहीवरून पुस्तक सापडलं पाहिजे.

आज पाचही जणांना कागदाची जाड वही दिली. रकाने असे आखले: दाखल क्रमांक, तारीख, कामाचं शीर्षक, कुणी केलं, त्यात आणखी कुणाचा चेहरा किंवा आवाज आहे, त्यांची परवानगी, मूळ फाइल कुठे, कुठे कुठे टाकलं. शेवटचा रकाना पेन्सिलीने भरायचा, कारण तोच बदलणार. फाइलच्या नावातही हाच क्रमांक.

साचा म्हणाला, एक्सेलमध्ये करू की. करा, पण वहीपण ठेवा. मी पाणी पाहिलंय.

२५ ऑगस्ट, सोमवार

२०१८ च्या ग्रंथप्रदर्शनाच्या फलकांवर आम्ही गूगलच्या छोट्या लिंका छापल्या होत्या. आज त्या सेवेचा शेवटचा दिवस म्हणून वर्षभरापूर्वी जाहीर झालं होतं. १ ऑगस्टला त्यांनी त्यात बदल केला, वापरात असलेल्या लिंका चालू राहणार म्हणाले. ओवी आणि पाचवा बसून प्रत्येक फलक तपासत आहेत. छापलेल्या प्रत्येक लिंकेशेजारी यापुढे पूर्ण पत्ता आणि शीर्षकही छापायचं.

परवा गणपती.

९ सप्टेंबर, मंगळवार

साचावर बालंट आलं होतं, पण निभावलं.

त्याने लिंक्डइनवर तीन फोटो टाकले होते: एका ओतीव भागातला ब्लोहोल म्हणजे वाफेने पडलेलं भोक, एक कोल्ड शट म्हणजे धातू नीट न जुळल्याची रेघ, आणि वाळू धुऊन गेल्याने खडबडीत झालेला पृष्ठभाग. खाली इंग्रजीत लांबलचक मजकूर, कुठून तरी तयार मिळालेला, 'कळवताना अत्यंत हर्ष होत आहे' या धाटणीचा. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून बोलावणं आलं. तो भाग एका गिऱ्हाइकाचा, भागावर क्रमांक दिसत होता. नापास माल जगाला दाखवलास का, असा प्रश्न. पोरगा रडकुंडीला आला. पोस्ट काढली, लेखी माफी दिली, शिकाऊपण वाचलं.

मला वाटतं कारखान्याचं बरोबर होतं. पण याचंही चुकीच्या हेतूने नव्हतं. त्याला खरोखर हे दोष का येतात ते सांगायचं असतं. मग काय करायचं? फोटोऐवजी हाताने चित्र काढायला सांगितलं. त्याने वहीच्या पानावर साच्याचा उभा छेद काढला: वरची पेटी, खालची पेटी, मधे पोकळीसाठी ठेवलेला वाळूचा कोअर, धातू आत येण्याची वाट, आणि वाळूत ओल जास्त राहिली तर वाफ कुठे अडकते ते बाणाने. खाली मराठीत चार ओळी, तो भट्टीजवळ जसा बोलतो तशा. 'वाळू मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण हाताला ओल लागता कामा नये.'

हे पान त्याने टाकलं, आधी सुपरवायझरला दाखवून. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडच्या फाउंड्रीतल्या माणसांनी ते एकमेकांना पाठवलं. साचे बांधणाऱ्या एका वयस्क मोल्डरने खाली लिहिलं, 'बाळ, आम्हाला हे कुणी काढून दाखवलं नव्हतं.' हत्तिणीच्या लाखभर नजरांपेक्षा हे एक वाक्य त्याने वहीत उतरवून घेतलं आहे. तयार इंग्रजी मजकूर यानंतर त्याने वापरलेला नाही. इंग्रजीतही लिहितो, पण तेवढंच सांगतो जेवढं त्याला येतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

खात्यांची चाव्या-कुलपं तपासली. पाचांपैकी तिघांची खाती घरातल्या दुसऱ्याच्या सिमवर. निवेदकाचं तर एका जुन्या नंबरवर, जो रिचार्ज न केल्याने बंद पडलाय. बंद नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो, आणि मग ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे. आजच बदलून घेतला. प्रत्येकाने मोबाइल हाताशी नसताना खात्यात शिरायचे राखीव कोड कागदावर लिहून पाकिटात घातले, पाकीट घरच्या लोखंडी कपाटात. कॉलेजच्या ईमेलवर काढलेली सगळी खाती स्वतःच्या ईमेलवर आणली. ड्राइव्हवरचं सगळं गूगलच्या टेकआउट या सोयीने उतरवायला लावलं. वाय-फाय रांगतंय, दोन दिवस जातील.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

वेणी आज धावतच आली. नागपूरच्या एका बाईंनी तिला फोनवर झाडलं होतं: सहाशे रुपये आगाऊ घेतले, चपला कुठे आहेत? तिने पैसे घेतलेच नव्हते. तिच्या नावात एक अधोरेषा वाढवून कुणी तरी दुसरं खातं उघडलंय, फोटो सगळे हिचे. आजोबांच्या हाताचाही फोटो आहे, बाभळीच्या सालीत पिकवलेल्या चामड्याने तांबूस झालेला, बोटात वेणी धरलेला.

जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मूळ न सांगता दाखवल्या आणि गदारोळ झाला, त्या आठवड्यात हिच्याकडे खूप लोक आले होते. कंपनीने पुढे मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या कारागिरांची. २०१९ पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे. म्हणजे चपलेचं नाव कायद्याने राखलेलं आहे. पण ती करणाऱ्या घराचं नाव कुणी राखायचं? आलेल्या माणसाला खरं घर कोणतं हे तपासायला एकही जागा नव्हती. किंमत नाही, पत्ता नाही, फोन नाही, नुसते सुंदर व्हिडिओ. चोराला एवढं पुरलं.

नागपूरच्या बाईंना १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगितलं. त्या शांत झाल्या, नंतर आपणहून हिच्या बाजूने लिहिलं. आम्ही खोट्या खात्याची तक्रार केली, वहीतल्या दाखल क्रमांकांसह मूळ फाइलींच्या तारखा जोडल्या. नोंदवही पहिल्यांदा कामाला आली ती अशी.

६ ऑक्टोबर, सोमवार

खोटं खातं गेलं. दहा दिवस लागले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

स्वतःच्या पानांचं काम. प्रत्येकाचं इंटरनेटवर एक साधं पान: नाव, गाव, काय काम करतो, पाच निवडक कामं, संपर्क, आणि 'माझी खरी खाती ही एवढीच' अशी यादी. गिटहबच्या पेजेस सेवेवर फुकट होतं, आणि पानाची फाइल आपल्याकडेही राहते, ती उद्या दुसरीकडे उचलून ठेवता येते. वेणीच्या घरासाठी मात्र .इन चं नाव विकत घेतलं, वर्षाला हजाराच्या आत. नूतनीकरणाची तारीख तिच्या आईने दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिली.

ओवीला देवनागरी पत्ता हवा होता. .भारत २०१४ पासून मिळतो, आणि तिच्या 'ज्ञ'चं दुखणं एका फटक्यात मिटलं असतं. करून बघितलं, पण काही ॲपमध्ये तो पत्ता एक्स-एन ने सुरू होणाऱ्या अक्षरांची जाळी होऊन दिसतो आणि लोक घाबरून उघडत नाहीत. तिला वाईट वाटलं, मलाही. सध्या डी-एन-वाय, आणि पानावर वर मोठ्या अक्षरात देवनागरी.

घरच्यांचा चेहरा दाखवायला विरोध आहे, तिच्या लग्नाचं बघताहेत. तिने वाद घातला नाही, पानावर फोटोच्या जागी जात्याच्या खुंट्यावरचा हात ठेवला. नाव मात्र पूर्ण लिहिलं. वडील ते पान दोनदा वाचून गेले आणि काही बोलले नाहीत, असं तिने सांगितलं.

सगळी पानं इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही साठवली, तिथे इंटरनेटवरच्या पानांच्या प्रती जपून ठेवतात. तेही अभेद्य नाही. गेल्या ऑक्टोबरात त्यांच्यावर सायबर हल्ला होऊन ते काही दिवस बंद होतं. म्हणून पेन ड्राइव्ह, घर आणि ग्रंथालयातली हार्डडिस्क अशा तीन जागा.

१० नोव्हेंबर, सोमवार

पाचव्याची पीडीएफ अखेर काढून टाकली गेली. तीन अर्ज, एक माहितीवजा विनंती, दोन फेऱ्या. तो स्वतः गेला, एकटा. नवी यादी लावताना मोबाइल आणि बँकेचा रकाना वगळू, असं त्याला तोंडी सांगितलं आहे. यादीत त्याच्यासारखी दोनशेच्या वर मुलं होती, त्यांना हे कधी कळणारही नाही.

त्याने स्वतःचं पान केलं नाही आणि मीही आग्रह धरला नाही. त्याची नोंदवही सगळ्यांत नेटकी आहे. न दिसण्याचा हक्क सांभाळायलाही एवढे कष्ट पडतात, हे माझ्यासाठी नवं होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कसोटी घेतली. सगळ्यांचे मोबाइल माझ्या टेबलाच्या खणात. असं समजा की सकाळी उठलात आणि सगळी ॲप गेली आहेत. एका तासात ग्रंथालयाच्या संगणकावर, वही आणि पेन ड्राइव्हवरून, अनोळखी माणसाला दाखवता येईल असं आपलं काम मांडा.

ओवीला हे समजा म्हणावं लागलं नाही. २९ जून २०२० ला ५९ ॲपवर बंदी आली तेव्हा ती अकरावीत होती, आजीच्या ओव्यांचे तिचे व्हिडिओ टिकटॉकवर होते. दोन दिवसांत ॲप उघडेनासं झालं. मूळ फाइली तिने जागा होईना म्हणून आधीच पुसल्या होत्या. मावशीच्या व्हॉट्सॲपवर दोन सापडल्या, बाकी गेल्या. तेव्हा सगळे म्हणाले, रील्स आलंय, तिकडे जा. ती गेली नाही, कारण न्यायला काही उरलंच नव्हतं.

निकाल: वेणी आणि पाचवा पन्नास मिनिटांत. साचाची चित्रं होती, पण दोन पानांवर क्रमांक नव्हता. ओवीची फक्त पाच कामं. निवेदक नापास: दिवाळीनंतरच्या तीन मैदानांपैकी एकाचीच फाइल मिळाली, बाकी दोघांनी 'देतो, देतो' म्हणून टोलवलं. पण त्या एका फाइलच्या शेवटी, हलगी थांबल्यावर, आयोजकांचे आभार मानून त्याने आपलं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि वस्तादांचं नाव घेतलं आहे. वस्तादांनी हो म्हटलं होतं.

उरलेल्या दोन फाइलींसाठी तो परत जाणार आहे.

७ डिसेंबर, रविवार

सुट्टी असून ओवीच्या घरी गेले. आजींचं नव्याने मुद्रण.

परसदारी जातं मांडलं, खुंटा ठोकला. ओवीने मोबाइल तिपाईवर लावला, माइक पदराला टोचला आणि म्हणाली, म्हण आता. आजी गप्प. दळायला काही नव्हतं, आणि रिकामं जातं फिरवायला त्या तयार नव्हत्या. मग ज्वारी आणली. एक मूठ घातली, जातं फिरलं, दोन फेऱ्या नुसती घरघर झाली आणि तिसऱ्याला गळा लागला. वाचलेल्या दोन जुन्या व्हिडिओंतल्याच ओव्या आधी म्हटल्या, पण शब्द वेगळे आले. ओवी वहीत दोन्ही पाठ लिहीत होती. चाळीस मिनिटांत अठरा ओव्या झाल्या, पीठ पायलीच्या पावभर.

मग वही भरायला बसलो. 'कुणी केलं' या रकान्यात ओवीने 'आजी' लिहिलं. आजींना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "आजी नगं लिहू. आज्या गावात शंभर हायत्या. माझं नाव घाल."

नातीने सासरचं नाव लिहायला घेतलं. त्यांनी तिचा हात धरला. लग्नात नाव बदललं होतं, या ओव्या त्याच्या आधीच्या, आईकडून आलेल्या, नदीपलीकडच्या गावच्या. मग त्यांनी माहेरचं नाव सांगितलं. नातीने ते कधी ऐकलेलं नव्हतं. तिने दोनदा विचारून घेतलं, र्‍हस्व की दीर्घ ते आजींना सांगता येईना, तेव्हा त्यांच्याकडून परत परत म्हणवून घेतलं.

मुख्य नोंद माहेरच्या नावाने केली. सासरच्या नावाचा वेगळा कागद करून त्यापुढे 'पाहा' लिहिलं. दाखल क्रमांक ६ ते २३. मूळ फाइल तीन ठिकाणी. कुठे टाकलं: हा रकाना अजून कोरा आहे.